भाराभर उंची

सुभद्राकाकी डोक्यावरचा भारा खाली न ठेवता बोलायची. बोलणं दोन वाक्यांचं असो की अख्ख्या वाडीच्या भानगडींचं, भारा आपला डोक्यावरच. ऐकणाऱ्याचे पाय दुखायला लागत, पण तिची मान हलत नसे. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते राजापूरच्या अलीकडच्या एका गावात, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या कातळपठारावर. दिवाळी होऊन गेली होती आणि गवत कापणं चाललं होतं. गवताचा एक ढीग माझ्या दिशेने चालत आला. त्याच्याखाली गुडघ्यापर्यंत खोचलेलं हिरवं लुगडं तेवढं दिसत होतं.

“तुमीच काय ते उन्हाचे सायब?” ढिगाने विचारलं.

मी हो म्हटलं. सौरऊर्जेच्या एका कंपनीत मी साइट सुपरवायझर होतो. मूळचा लांज्याचा, त्यामुळे गावकऱ्यांशी बोलण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. काकीने माझं घर कुठलं, आईचं माहेर कुठलं, आमच्याकडे गुरं आहेत की विकली, हे सगळं विचारून घेतलं. मी रिकाम्या हातांनी आलेला माणूस, तरी मधेच दगडी गडग्यावर टेकलो. ती उभीच होती. जाताना म्हणाली, “बसा बसा. सायबलोकांना उभ्याचं दुखनं असतं.”

तो सडा तिच्या सासरच्या भावकीचा, सामाईक. भावकी सगळी मुंबईला. काकीचा नवराही मुंबईत नोकरीत असतानाच गेला होता आणि मूलबाळ नव्हतं. गावात राहून जमीन कसणारी ती एकटीच. सड्याच्या उतारावर जिथे मातीचा थर होता तिथे ती नाचणी आणि वरी लावायची, मागाहून कुळीथ टाकायची. आमच्या कंपनीला तिथे सौर पॅनेल बसवायची होती. मुंबईकर भाडेपट्ट्याला एका पायावर तयार होते. काकी मात्र दोन्ही पायांवर उभी होती आणि हलत नव्हती.

देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. भावकीच्या वतीने बोलायला काकीचा पुतण्या प्रकाश मुंबईहून आला होता. तो परळच्या एका ऑफिसात नोकरीला. स्वभावाने वाईट नव्हता, पण सोमवारी कामावर हजर व्हायचं असल्यामुळे घाईत होता. “काकी, त्या कातळावर पिकतं तरी काय?” त्याने विचारलं.

“तुजी आंबील पिकली,” काकी म्हणाली. “लहान असताना दोन दोन वाट्या पियाचास. तवा नाय इचारलंस.”

लोक हसले आणि बैठक तिथेच मोडली.

मग आमच्या पुण्याच्या इंजिनिअरनी तोडगा काढला. गावकऱ्यांना दिसावं म्हणून एक नमुन्याची रांग उभी करायची, म्हणजे भीती जाईल. रांग नेहमीच्या पद्धतीची, पुढून कमरेएवढी आणि मागून डोक्याएवढी. ती नेमकी बसली सड्यावरून पलीकडच्या ओढ्याकडे, गावच्या बोलीत व्हाळाकडे, जाणाऱ्या पायवाटेवर, कारण नकाशात पायवाट नव्हती. काकी भारा घेऊन आली, रांगेसमोर थांबली आणि पुन्हा तशीच वळून करवंदीच्या जाळ्यांतून वळसा घालून गेली. मी म्हटलं, “काकी, जरा वाकून गेलात तर खालून जाता येईल.”

तेव्हा मी तिचं ते वाक्य पहिल्यांदा ऐकलं. “वाकायचा ता लावनीला नि कापनीला. येरवी कशाला वाकायचा?”

पुढे हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. ग्रामसेवकाला, डॉक्टरला, अगदी मुंबईहून आलेल्या जावेलाही ती हेच ऐकवायची. देवासमोर तरी वाकता की नाही, असं मी एकदा चिडवलं. “त्याला ठावं हाय माजी कंबर,” ती म्हणाली.

मे महिन्यात आमच्या नमुन्याच्या रांगेतून वीज कमी यायला लागली. इंजिनिअर पुण्याहून धावत आले. वायरी तपासल्या, जोडण्या तपासल्या, शेवटी वर पाहिलं. अर्ध्या रांगेवर जुनं लुगडं पसरलेलं होतं, ते उडू नये म्हणून कडांना कातळाचे दगड ठेवलेले होते आणि वर कोकमाची सालं वाळत होती. मीठ घातलेला लाल रस काचेवरून खालपर्यंत ओघळला होता. इंजिनिअरनी आधी एकेक दगड उचलून खालची काच तडकली नाही ना ते पाहिलं.

“एवढी काच उन्हात मांडून ठेवलेली,” काकी मला म्हणाली. “मी म्हटलं, रिकामी कशाला ठेवायची? आधी धुवून घेतली हो.” आपलं काही चुकलं हे तिने कबूल केलं नाही, पण त्याच संध्याकाळी इंजिनिअरच्या हातात आमसुलांची पिशवी दिली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली. नंतर मला म्हणाले, पुण्यात अशी मिळत नाहीत.

त्या आमसुलांनी की काय, पण बोलणी सुरू झाली. पॅनेल उंच बांधायची, खाली शेती तशीच चालू ठेवायची. देशात इतर ठिकाणी असं करतात, असं इंजिनिअरनी कंपनीला पटवलं. प्रश्न उरला उंचीचा. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. जेवढं उंच तेवढा वारा लागणार आणि कोकणातलं वादळ काही गंमत नव्हे. काकीची अट एकच होती. “डोकीवर भारा घेऊन मी सरळ चालत गेलं पायजे.”

“ठीक आहे,” इंजिनिअर म्हणाले, “भारा घेऊन या, मोजू.”

काकी सुक्या गवताचा भारा घेऊन आली. फिटरने टेप धरली. आकडा लिहून घेणार एवढ्यात काकी म्हणाली, “थांबा. हा गवताचा. पेंढ्याचा ह्याच्यापरास मोठा असतो.” ती घरी गेली. आम्ही चौघे जण उन्हात उभे. बऱ्याच वेळाने भाताच्या पेंढ्याचा एक भारा चढण चढून आला. तो खरोखरच हातभर जास्त उंच होता. इंजिनिअरनी कपाळाला हात लावला आणि तोच आकडा लिहिला. खांबांचे पाये तेवढे दुप्पट भक्कम करायला सांगितले.

त्या दिवसापासून ‘भारा’ हे आमच्या साइटवर माप झालं. फिटर बिहारकडचे. लोखंड कापताना एक जण ओरडायचा, “कितना?” दुसरा सांगायचा, “भारा!” आकडा कोणीच म्हणेना.

तरी पूर्ण सडा उंच झाला नाही. खालच्या निम्म्या भागात उंच पॅनेल उभी राहिली. वरच्या भागाचं ठरायचं होतं. तिथे कमी उंचीवर दाटीने पॅनेल बसवली तर भाडं जास्त येईल आणि शेतीचा प्रश्नच उरणार नाही, असं भावकीचं मत. काकी नाही म्हणत राहिली.

खालची शेती काही लगेच जमली नाही. सावलीत नाचणी घेऊ नका, हळद लावून पाहा, असं मी सांगत होतो. तिने हट्टाने नाचणीच लावली. ताटं उंच झाली, आडवी पडली आणि कणसांत दाणा भरला नाही. “रुसली,” एवढंच ती म्हणाली. पुढच्या वर्षी मला न सांगता हळद लावली. पॅनेलच्या कडेवरून पावसाच्या पागोळ्या पडून मातीत चर पडत होते. त्या ओळीने तिने अळू लावलं, घरामागे लावतात तसं. नाचणी दोन रांगांमधल्या उघड्या पट्ट्यात गेली. हे कंपनीच्या माहितीपत्रकात फोटोसह छापून आलं. फोटोत काकी नाही, कारण फोटोवाल्याने तिला भारा उतरवायला सांगितलं होतं.

नंतर तिला दम लागायला लागला. रत्नागिरीला नेऊन आणलं. भारे लहान झाले, पण चालणं तसंच. त्याच सुमारास प्रकाशचा मला फोन आला. वरच्या भागाचं काय, असं विचारून तो म्हणाला, “घाई नाही. काकीचं काय ते होऊ दे, मग बघू.” त्यात दुष्टपणा नव्हता, व्यवहार होता. मला राग आला तो आला.

नाचणीची कापणी झाली आणि काकी गेली. मुंबईकर रातोरात गाड्या करून आले. मसणवट सड्यापलीकडे व्हाळाच्या काठाला. तिरडीची ताटी खांद्यावर घेऊन माणसं पायवाटेने पॅनेलखाली शिरली. पुढच्या खांद्याला प्रकाश होता. मी मागून चालत होतो. ताटीच्या वर अजून पुष्कळ जागा होती. कोणी मान खाली घातली नाही की पाऊल चुकलं नाही. हळदीची पानं पिवळी पडायला लागली होती.

वरच्या टोकाला नमुन्याची जुनी रांग अजून आडवी उभी होती. ती काढायचं आमच्याकडून राहूनच गेलं होतं. माणसं थांबली. मागून कोणीतरी म्हणालं, “ताटी खाली घ्या जरा. वाकून जाऊ या.”

प्रकाश हलला नाही. इतकी वर्षं मुंबईचं बोलणारा माणूस, पण त्या क्षणी तोंडून निघालं ते गावचं. “थांबा. ही काय लावनी नाय.”

ताटी वळली आणि करवंदीच्या जाळ्यांतून वळसा घालून गेली. काट्यांनी धोतरं आणि पॅंटी फाटल्या. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही.

तेराव्यानंतर मुंबईला निघताना प्रकाश साइटवर आला. नमुन्याची रांग आधी काढा म्हणाला. मग वरच्या भागाकडे बघत म्हणाला, “तिकडेपण तसंच करा, खालच्यासारखं. भावकीशी मी बोलतो.” मी विचारलं, कसणार कोण? तो म्हणाला, माहीत नाही, पण कोणी आलं तर त्याला सरळ चालता यायला हवं.

वरच्या भागाचं काम सुरू झालं तेव्हा फिटर नवे होते. लोखंड कापायच्या आधी त्यांच्यातला एक जण माझ्याकडे आला. जुन्या लोकांनी माप शिकवलं होतं त्याला, पण अर्धवट.

“साब, भारा दो तरह का बताया है,” तो म्हणाला. “घास वाला, कि दूसरा?”

“दुसरा,” मी म्हटलं. “पेंढ्याचा.”