मले-तुले

फोन आला तेव्हा मी कोर्टात, बाररूममध्ये डबा उघडत होते. मुलीच्या कपाळाला लागलंय, दवाखान्यात या, एवढंच शाळेतून सांगितलं. मी पोचले तोवर टाके घालून झाले होते. मुलगी आठवीत. मधल्या सुट्टीत वर्गातल्याच एका मुलीने स्टीलची पाण्याची बाटली तिच्या कपाळावर हाणली होती. का, ते माझी मुलगी सांगेना. "मला काय माहीत," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी वकील आहे. त्या रात्री मी काळजीपेक्षा कलमांचाच विचार जास्त केला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांनी दोन्ही घरच्यांना बोलावलं, तेव्हा लेखी तक्रार माझ्या पर्समध्ये तयार होती.

ती दुसरी मुलगी तेल्हाऱ्याकडची. त्याच वर्षी अकोल्यात आली होती आणि जठारपेठेत मावशीकडे राहून शिकत होती. तिचे वडील शेतकरी, सकाळच्या एसटीने आलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुख्याध्यापिकांनी बोलायला सुरुवात केली, तोच ते वळले आणि मुलीच्या थोबाडीत मारली. पुन्हा हात उचलला.

"पोरीले काहून मारता भाऊ?" मी उठून म्हणाले.

मी घरी अशी बोलत नाही. अमरावतीला माहेरी गेले की बोलते, तेही वडिलांशी. पट्टी बांधलेली माझी मुलगी माझ्याकडे बघत राहिली.

"मंग काय करू, ताई?" ते म्हणाले. "माहीच पोरगी हाय. तुमच्या लेकराचं डोकं फोडलं तिनं. बस झालं शिकनं. आजच घेऊन जातो तिले."

ती मुलगी रडली नाही. आदल्या दिवशी कोणी विचारलं तरी गप्प होती म्हणे. घरी न्यायचं म्हटल्यावर मात्र बोलली. "मी वर्गात 'मले समजलं नाही' म्हटलं होतं, तवापासून सारे मले 'मले-तुले' म्हणतात. हजेरीच्या वेळी मागून आवाज काढतात. डब्याले बसू देत नाहीत. बाईले सांगतलं होतं म्या."

वर्गशिक्षिका दाराशी उभ्या होत्या. "हो, सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, लक्ष देऊ नकोस. आपोआप थांबतील."

"हे नाव कोणी ठेवलं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

माझ्या मुलीने मान खाली घातली.

मी तक्रार बाहेर काढली नाही. बाटली मारणं बरोबर होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. पण ती मुलगी गावी गेली असती तर तिची शाळा सुटली असती, आणि वर्गातला प्रकार तसाच राहिला असता. मी तिच्या वडिलांना तेवढंच म्हटलं, "तिले इथंच राहू द्या." ते एकटेच स्टँडवर गेले.

त्या मुलीने माझ्या मुलीची माफी मागितली. माझ्या मुलीनेही तिची मागितली, वर्गाच्या वतीनेही. घरी येताना गाडीवर मागून म्हणाली, "आई, आम्ही तिला मारलं तर नव्हतं ना!" मी गाडी बाजूला घेतली. "मग ती रोज कशाला घाबरत होती?" असं विचारलं.

शाळेत एकच बदल झाला. वर्गशिक्षिका मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न जाता वर्गातच डबा खाऊ लागल्या, रोज वेगळ्या बाकावर. पहिल्यांदा पोरं अवघडली. पुढे त्यांच्या भाजीत हात घालू लागली. ते नाव हळूहळू मागे पडलं. काही दिवस पोरं ते नाव नुसत्या डोळ्यांनी म्हणत असत, असं मुलीने मला नंतर सांगितलं.

दोघींची मैत्री झाली नाही. एका वर्गात राहिल्या, कामापुरतं बोलत राहिल्या. दिवाळीनंतर वर्गात एक अडखळत बोलणारा मुलगा आला. काही जण त्याची नक्कल करू लागले. बाईंना ते त्याच दिवशी कळलं. सांगायला दोघी गेल्या होत्या, वेगवेगळ्या.