सायबाने पाठवलेले हॉप्स

मी बांद्याकडची. लग्न करून डिचोलीजवळच्या गावात आले तेव्हा आमचे हे आखातात एका मोठ्या कंपनीच्या वसाहतीत वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करायचे. दर दोन वर्षांनी सुट्टीवर यायचे, तेवढाच आमचा संसार. बाकीचे दिवस मी, सासूबाई आणि धाकटे दीर. सासूबाईंना घरात सगळे मांय म्हणत, मीही तेच म्हणायला लागले. दीर सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे. मला शेजारच्या वाड्यावरच्या मराठी प्राथमिक शाळेत नोकरी लागली होती. सकाळी शाळा, दुपारी घर, आणि दिवसभर खनिजाच्या ट्रकांची लाल धूळ. वाळत घातलेलं पांढरं लुगडं संध्याकाळी गेरूत बुडवल्यासारखं दिसायचं.

मग यांचं कंत्राट संपलं आणि हे कायमचे घरी आले. टेपरेकॉर्डर आणला, ब्लँकेटं आणली, मांयसाठी टॉर्च आणला. आणि एका टॉवेलात जपून गुंडाळलेली रबराची नळी.

"ही कसली?" मी विचारलं.

"बियरीची," हे म्हणाले आणि हसले.

यांचा साहेब इंग्रज होता. त्या देशात दारूला बंदी, म्हणून वसाहतीतले गोरे आपापल्या न्हाणीघरात गुपचूप बियर करायचे. यांच्या साहेबाने यांना हाताखाली घेऊन सगळं शिकवलं होतं. जव कसे उकडायचे, त्याचं गोड पाणी कसं काढायचं, त्यात हॉप्स घालून किती वेळ उकळायचं. हॉप्स म्हणजे एका थंड मुलखातल्या वेलीची फुलं. बियरला कडूपणा आणि वास येतो तो त्यांचाच. "हॉप्स नसले तर नुसतो गोड कशाय," हे सांगायचे, म्हणजे नुसता गोड काढा. यांना वाटायचं, आपण इथे घरगुती बियर नीट जमवली, की परवाना काढून लहानसा कारखाना घालायचा. किनाऱ्यावर गोरे यायला लागले होते. त्यांना बाटलीबंद कंपनीची बियर आवडत नाही, असं यांना साहेबाने सांगितलेलं.

दिवसा हे खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर म्हणून जायला लागले आणि रविवारी बियर. जव बेळगावहून मागवायचे. त्यांना मोड आणायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझ्या माहेरी नाचणीचं सत्व दर वर्षी व्हायचं आणि मला ते जमत होतं. जव भिजवायचे, गोणपाटात बांधायचे, पांढरे कोंब फुटले की पसरून वाळवायचे. अंगणात वाळवायची सोय नव्हती, धुळीमुळे. म्हणून मी मांगरात, म्हणजे परसातल्या कोठीत, बंद दाराआड, सुपं पसरून ठेवायची. वाळले की हलक्या हाताने भाजायचे. याला हे साहेबासारखं माल्ट म्हणायचे. सगळ्या घराला खरपूस वास यायचा. मांयला हा प्रकार पसंत नव्हता. शेजारीण डोकावली की तिला म्हणायची, "सत्व करतां गो, नातू जातलो मगे केन्नाय तरी." म्हणजे नातू होईल कधीतरी, त्याला भरवायला. आणि माझ्याकडे बघायची.

जवाचं पाणी न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात उकळायचं आणि निवलं की फेणी साठवायच्या मोठ्या काचेच्या गराफांवात भरून विहिरीजवळच्या थंड खोलीत, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचं. यीस्टच्या पुड्या यांनी आणल्याच होत्या. हॉप्स मात्र साहेब पाठवायचा. तो निवृत्त होऊन इंग्लंडात गेला होता आणि तिथे घरी बियर करणाऱ्या हौशी लोकांच्या मंडळात जायचा. गोव्याला येणाऱ्या कोणा ना कोणाबरोबर तो चकचकीत सीलबंद पाकिटं पाठवायचा. प्रत्येक पाकिटावर हॉप्सचं नाव. पहिल्यांदा पाकीट आलं तेव्हा यांनी ते देवासमोर ठेवलं होतं.

पहिलं होतं बुलियन. पाकीट फोडलं आणि माझ्या नाकात कांद्याच्या सालीचा वास शिरला. त्यामागे काळ्या मनुकांचा, आंबूस. बियर तयार झाली तीही तशीच, गोड मनुका कोणी कांद्याबरोबर चिरल्यासारखी. मी पीत नव्हते, पण चमचाभर चव घेऊन सांगायची, कारण यांचा माझ्या नाकावर विश्वास होता. तेव्हा होता.

नंतर क्लस्टर आलं. त्याची बाटली उघडली तेव्हा मांय आतून ओरडली, "माजर खंय मुतलें?" आम्ही दोघंही हसलो. तेवढंच हसलो. प्राइड ऑफ रिंगवूडची बियर ओल्या लाकडासारखी लागली, वखारीतल्या भुशासारखी, आणि शेवटी जिभेवर पेन्सिलीची साल राहायची. टार्गेटची तर गिळवेना. दिवाळीला पायाखाली फोडतात त्या कारेटाचा रस चुकून ओठाला लागावा तशी. किराईताचा काढा त्याच्यापुढे बरा. एक पाकीट इतकं जुनं होतं की बियरला घामट मोज्यांचा वास आला.

दीर आणि त्यांचे ट्रकवाले दोस्त पहिल्या पहिल्यांदा उत्साहाने बसायचे. मग काहीतरी निमित्त काढून फेणीकडे वळायला लागले. बाजारातल्या बारवाल्याने आधी बाटल्या ठेवून बघतो म्हणून कबूल केलं होतं. त्याने एक घोट घेतला, दाराबाहेर जाऊन थुंकला आणि यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "पात्रांव, हें तूं कोणाक पाजतलो?"

हे घरी आले ते थेट मांगरात गेले. मी सुपं हलवत होते. मूठभर जव उचलून यांनी हुंगले.

"तुजे कोंबच कुसके," म्हणाले.

"कुजके नाहीत. बघा तरी, कोरडे खडखडीत आहेत."

"मागीर वास खंयचो येता? यीस्ट सीलबंद. हॉप्स विलायतेचे, सीलबंद. उरलें कितें? जव."

मी म्हणाले, "वास पाकिटातच असतो. मी दर वेळी सांगते. फोडल्या फोडल्या जो येतो तोच बाटलीत उतरतो."

"सायब म्हाका वायट वस्तू धाडटलो?" यांचा आवाज चढला. "तुका कळटा कितें हॉप्स म्हणजे?"

मला खरंच काय कळत होतं? पुढच्या खेपेला जव दोनदा धुतले, तीनदा पाणी बदललं, गोणपाट उकळून घेतलं. विहिरीचं पाणी तांबूस येतं म्हणून लांबच्या झरीवरून कळशा आणल्या. शाळेतून आल्यावर पहिल्यांदा मांगरात जायची. रात्री स्वप्नात बुरशी दिसायची. तरी बाटली उघडली की तोच कडूपणा, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. दीर चेष्टेत म्हणायचे, "वयनी, तुमच्या बांद्याकडल्या हातांक बियर जमना." चेष्टाच ती, पण घरात रुळली.

त्याच दिवसांत राजभाषेचा वाद पेटला. गावात घराघरात दोन पक्ष झाले. भिंतींवर अक्षरं उमटली, रस्त्यांवर झाडं आडवी पडली, कधी बस बंद, कधी शाळा बंद. आमच्या घरात बोलणं कोंकणीतून, पण मांयची पोथी मराठीत आणि माझी भाकरीही मराठीवर. कोंकणी एकटीच राजभाषा झाली तर आमच्या शाळांचं काय होणार, या काळजीने आम्ही शिक्षिका एकमेकींची तोंडं बघायचो. हे ठाम कोंकणीचे. एरवी मला त्यात राग येण्यासारखं काही नव्हतं. यांची आईची भाषा ती. पण एका दुपारी जेवताना मी शाळेतल्या सभेला जाऊन आल्याचं सांगितलं आणि हे ताटावरून उठले.

"तूं भायली," म्हणाले. "तुका हांगाचें कितें पडलां? तुजी मराठी आनी तुजे जव, दोनूय आमच्या घरांत कुसल्यांत."

मांय आणि दीर खाली बघून जेवत राहिले. मी यांचं उष्टं ताट उचललं आणि विहिरीवर नेऊन घासलं.

त्या हिवाळ्यात साहेब गोव्याला येणार असा निरोप आला. मोरजीला समुद्राजवळ एका घरात खोली घेऊन राहणार होता. हे पंधरवडाभर दुसरं काही बोलले नाहीत. सगळ्यात बऱ्या जमलेल्या खेपेतल्या बाटल्या निवडल्या आणि ओल्या पोत्यात बांधल्या. मलाही चल म्हणाले. जवाचं काय चुकतं ते साहेब मलाच समजावून सांगेल, म्हणजे मी शिकेन, असा हिशेब.

म्हापशाला बस बदलून शिवोलीला गेलो आणि फेरीबोटीने पलीकडे. बोटीत यांनी पोतं मांडीवर घेतलं होतं, हादऱ्याने बाटल्या फुटू नयेत म्हणून. नवा इस्त्रीचा शर्ट ओला झाला तरी खाली ठेवलं नाही.

साहेब माडांखाली खुर्ची टाकून बसला होता. लाल तोंडाचा, म्हातारा, प्रेमळ दिसणारा. यांना त्याने मिठी मारली. मला हात जोडून नमस्ते म्हणाला. घरमालकिणीने ग्लास आणून दिले. यांनी स्वतः बाटली उघडली, ग्लास तिरपा धरून हळूहळू ओतली. फेस छान आला होता. रंगही मधासारखा. हे उभेच राहिले.

साहेबाने घोट घेतला. डोळे मिटले, तोंड वाकडं केलं आणि मोठ्याने हसला. मला इंग्रजी बोलता फारसं येत नव्हतं, पण कळायचं. तो म्हणाला, "अरे देवा, तू हे खरंच वापरलंस?"

हे हसून म्हणाले, "येस सर."

साहेब सांगायला लागला. त्यांच्या मंडळात वर्षाच्या शेवटी सगळे उरलेले हॉप्स एका पेटीत जमवत. जे कोणालाच नको असत ते. बुलियन म्हणे रांगडं, क्लस्टरला मांजराचा वास, रिंगवूड ऑस्ट्रेलियनांनाच लखलाभ, टार्गेट तर जीभ सोलतं. चांगले हॉप्स लोक जपून ठेवत. फगल आणि गोल्डिंग कोणी कोणाला देत नसे. ही नकोशी पेटी कचऱ्यात जायची. "मी म्हटलं, टाकण्यापेक्षा त्या बिचाऱ्याला पाठवू. त्याच्याकडे काहीच नाही, तेवढाच खेळेल."

मग त्याने ग्लास उजेडात धरला आणि दुसरा घोट घेतला. म्हणाला, "पण माल्ट सुरेख जमलंय. अगदी स्वच्छ. हे कोणी केलं?"

मी यांच्याकडे बघितलं. हे समुद्राकडे बघत होते. साहेब अजून हसत होता म्हणून हेही हसत होते, तोंड उघडं ठेवून, आवाज न करता. थोड्या वेळाने साहेब आपला प्रश्न विसरूनही गेला. त्याने आपल्या बर्फाच्या पेटीतली कंपनीची थंड बियर काढली आणि यांना दिली. हे ती प्यायले. छान आहे म्हणाले.

परतताना उरलेल्या बाटल्या तिथेच माडाखाली राहिल्या. बोटीत मी वाट बघत होते. यांनी एक शब्द बोलावा, एवढीच अपेक्षा होती. माफी नको होती मला. नुसतं "जव बरे आशिल्ले" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पलीकडचा धक्का आला, बस आली, म्हापसं गेलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी मांय ओसरीवरच होती, दीरही आले होते. "कितें म्हणलो सायब?" मांयने विचारलं.

"आवडली," हे म्हणाले. वहाणा काढत काढत, खाली बघून. "हॉप्स बरे लागल्यात म्हणलो. जव मात हांगाचे जमनात. कारखान्याचें कांय खरें न्हय."

मी दारात उभी होते. दीर माझ्याकडे बघून हसले. मांयने सुस्कारा टाकला आणि आत गेली.

मी यांच्या मागून माजघरात गेले. "तुम्ही हे काय सांगितलंत?"

"हळू उलय."

"त्याने जवाला सुरेख म्हटलं. मी ऐकलं. तुम्हीही ऐकलंत."

हे शर्टाची बटणं काढत होते. "मागीर म्हाका कितें सांगपाचें आशिल्लें?" म्हणाले. "दोन वर्सां हांव गोऱ्यांचो कोयर-कचरो उकळीत रावलो म्हणून? भावाक सांगूं? त्या बारवाल्याक सांगूं?"

"आणि माझं काय?"

"तुका कोण कितें म्हणटा?" हे म्हणाले. "घरांतलीच गजाल."

यांच्या अपमानाची कळ मला कळत होती. मोरजीच्या वाळूत उभं राहून हसणारा यांचा चेहरा मला आजही बघवत नाही. पण स्वतःला झाकायला यांच्याकडे दुसरं काही नव्हतं म्हणून यांनी मला पांघरलं, आणि तेही सहज, वहाणा काढता काढता. ओसरीवर जाऊन खरं सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं. मी गेले नाही. नवऱ्याची त्याच्या आईसमोर लाज काढायची, हे तेव्हा माझ्याच्याने होणारं नव्हतं.

बियर बंद झाली. गराफांवात पुन्हा फेणी भरली. पुढे कोंकणी राजभाषा झाली, मराठीलाही तिच्याबरोबर काही जागा मिळाली, माझी शाळा चालूच राहिली. मग गोवा राज्य झालं. गावात फटाके वाजले, त्याच सुमारास हे पुन्हा आखातात गेले, दुसऱ्या कंपनीत. आम्ही पुन्हा सुट्टीपुरते नवराबायको झालो. मूल झालं नाही. त्याचाही दोष कुठे गेला असेल ते सांगायला नको.

मांय गेली त्याच्या आदल्या गणपतीच्या चवथीला हे सुट्टीवर आले होते. सगळं गोत जमलं होतं, पंगत बसली होती. गोतातली एक नवी सून कोणाला तरी विचारत होती, काकांनी म्हणे एकदा बियरचा कारखाना काढायचं ठरवलं होतं, मग काय झालं? दीर म्हणाले, "वयनीचे जव कुसले. ना जाल्यार आज आमी शेट आशिल्ले." सगळे हसले.

मी खतखत्याचं भांडं खाली ठेवलं. "माझे जव कुजले नव्हते," मी म्हणाले. "साहेबानेच सांगितलं होतं. विचारा यांना."

सगळ्यांनी यांच्याकडे बघितलं. यांनी भात कालवला, घास केला, खाल्ला.

"जांव दी गो," हे म्हणाले. "पोरणी गजाल ती."

पंगत पुन्हा बोलायला लागली. कोणीतरी मीठ मागितलं. मी मीठ वाढलं.