लघवीचा रकाना

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आज तुमच्यापुढं बोलतेय.

मी इंदापुरात एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. या कोर्सला मला घातलं ते तात्यांनी, माझ्या थोरल्या चुलत्यांनी. वडील नको म्हणत होते, तेव्हा तात्या मला एसटीनं बारामतीला घेऊन गेले आणि फॉर्म भरूनच परतले. मग आमच्या गावात, वरकुट्यात, भेटेल त्याला सांगत सुटले, "आता रिपोर्ट आपल्या घरचाच!"

एका साली डेंगीची साथ आली. आमच्याकडं डेंगी म्हटलं की एकच प्रश्न — पेशी किती? पेशी घटल्या की रडारड, वाढल्या की पेढे. लघवीचं कोण विचारतंय? तात्यांनाही ताप भरला. काकूनं घरामागच्या पपईची पानं वाटून रस पाजायला घेतला. पेशी वाढाव्यात म्हणून सगळेच पाजतात.

डॉक्टरांनी रक्त आणि लघवी, दोन्ही लिहून दिलं होतं. लॅबमध्ये गर्दी होती — पण गर्दी रोजचीच. खरं सांगू? मला कंटाळा आला होता. रक्तात पेशी वाढलेल्या दिसल्या, मी हरखून घरी फोन केला. लघवीच्या डबीत फेस होता, प्रोटीन जात असलं की येतो तसा. दिसला मला. प्रोटीन तपासायची पट्टी बुडवायला एक मिनिट लागतं. नाही बुडवली. डबी ओतून दिली आणि प्रोटीनच्या रकान्यात 'निल' टाईप केलं.

चार महिन्यांनी तात्यांचे पाय सुजले. बारामतीच्या डॉक्टरांनी सुई घालून किडनीचा तुकडा काढला, तपासायला पाठवला. किडनीची चाळणीच खराब झाली होती. विषाणूच्या तापानं कधी कधी असं होतं, म्हणाले, तेव्हाच कळलं तर औषध लागू पडू शकतं. तापात लघवी तपासली होती का?

तात्यांनी पिशवीतून माझा रिपोर्ट काढला. "ह्यो बघा. आमच्या पोरीनं तपासलीया. तवा कायबी नव्हतं."

डॉक्टरांनी तो वाचला, तापाचा विषय सोडला आणि विचारलं — झाडपाल्याचं काही घेत होता का?

काकूनं मान खाली घातली. मी तिथंच उभी होते. बोलायला किती शब्द लागले असते?

तेव्हापासून भावकीत एकच बोलणं — हिनंच रस पाजून नवऱ्याच्या किडन्या घालवल्या. डायलिसिसला जाताना एकदा तात्याही तिला म्हणाले, "तुझ्याच हातानं झालं बघ." आणि मी? मी तिची समजूत काढत होते! "काकू, तू मुद्दाम थोडंच केलंस?" ज्यांनी मला उभं केलं, त्या दोघांचा मी केसानं गळा कापला, आणि वर मोठ्या मनानं तिला माफही केलं.

तात्या गेले. काकूनं पपई तोडून टाकली.

गेल्या महिन्यात तिला ताप आला. स्वतः लॅबमध्ये आली, डबी माझ्या हातात दिली. "नीट बघ गं पोरी. तुज्या तात्याला तू एकटीनंच नीट बघितलं हुतं."

मी पट्टी बुडवली. एक मिनिट लागलं. काकू समोरच्या बाकावर बसून होती. मी रिपोर्ट तिच्या हातात दिला, आणि तेव्हाही बोलले नाही.