सुमतीची कुंकवाची डबी

वागळे इस्टेटच्या आतल्या एका गल्लीत पितळी बूश करणारा लहानसा कारखाना आहे. बूश म्हणजे बोटाच्या पेराएवढी नळी, पाण्याच्या पंपात बसते. दिसायला काही नाही, पण केसभर जाड झाली तर पंप अडतो आणि केसभर बारीक झाली तर पंप रडतो. म्हणून तिथे खिडकीखाली एक टेबल आहे. त्या टेबलावर मापून घेतल्याशिवाय एकही बूश गेटबाहेर पडत नाही. टेबल कारखान्याचं, पण गेली बावीस वर्षं सगळे त्याला सुमतीचं टेबल म्हणतात. मालकसुद्धा.

सुमती शहाडला राहते. मूळची संगमेश्वराकडची, लग्न होऊन इकडे आली. शाळा सातवीपर्यंत, तीही पावसात वहाळ चढला की बंद. पहिल्या दिवशी जाडी मापायचा मायक्रोमीटर हातात दिला तेव्हा तिला वाटलं, ह्या लोकांनी सुपारी कातरायला बसवलं की काय. पण शाळेत जे दशांश डोक्यावरून गेले होते ते इथे हातात आले. वर्षभरात अशी तयार झाली की बूश नुसता चिमटीत धरायची आणि म्हणायची, "हा जाड लागतोय." मापून बघावं तर जाडच. फोरमन दगडूमामा नवीन पोरांना सांगायचे, "मशीन एखादवेळ खोटं बोलेल. सुमतीबाई नाही बोलणार."

बावीस वर्षांत तिच्या टेबलावरून गेलेला एकही लॉट परत आला नव्हता. ती हे कोणाला सांगत फिरायची नाही. सांगायला कशाला हवं, चालण्यात दिसायचं.

मग पन्नाशी उलटली आणि बाईचं काहीतरी बिनसलं.

मे महिन्यात पत्र्याखाली माणसं भाजून निघायची आणि ही स्वेटर घालून बसायची. पॅकिंगला स्टेला आहे, कोलशेतची, दुपारच्या डब्यातली सुमतीची जोडीदारीण. ती म्हणायची, "काय गो सुमती, टेबल काश्मीरला हलवलंस काय?" सुमती हसायची, पण हसायलाही जोर लागायचा. केस फणीत यायचे. सकाळी उठली की चेहरा भिजवलेल्या पावासारखा. आवाज असा घोगरा झाला की डोंबिवलीला दिलेली लेक संचिता एकदा फोनवर म्हणाली, "अहो, आईला द्या ना जरा."

"मीच आहे गं."

"आई? मला वाटलं, घरात कोण पाहुणा आलाय!"

दुसऱ्याच दिवशी लेकीने तिला कल्याणच्या डॉक्टरीणबाईंकडे नेऊन उभी केली. रक्त तपासलं. थायरॉइडचा आकडा अडतीस.

"गळ्यातली ग्रंथी सुस्तावलीय तुमची," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती काम करत नाही म्हणून मेंदू तिला सारखा हाका मारतोय. त्या हाका आपण मोजल्या. चारच्या आत हव्यात."

"म्हणजे फोरमन ओरडतोय आणि कामगार झोपलाय," सुमती म्हणाली.

"अगदी बरोबर. आता गोळी त्या कामगाराचं काम करेल. तुमच्या अंगाला किती ताकदीची गोळी लागते, ते मात्र हळूहळू शोधावं लागेल."

पन्नासची गोळी सुरू झाली. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या तासाने. सुमतीने एकही दिवस चुकवला नाही. चहासमोर अर्धा तास घड्याळाकडे बघत बसायची, पण कप तोंडाला लावायची नाही. मापाची बाई ती.

तरी आकडा काही ऐकेना. अडतीसचा अकरा झाला. गोळी पंच्याहत्तरची केली. पुढच्या खेपेला आकडा एकदम तळाला, शून्याच्या जवळ. छाती धडधडायची, हात थरथरायचे, आणि थरथरत्या हातात मायक्रोमीटर म्हणजे काय ते कारखान्यातल्या माणसाला विचारा. पुन्हा पन्नासवर आणली, तर आकडा चौदा. परत स्वेटर, परत पाव.

"चहाबरोबर घेत नाही ना?"

"नाही."

"कॅल्शियमची, लोहाची कुठली गोळी सोबत?"

"नाही."

"विसरता?"

"मी?" सुमती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा सुमतीच्या ओळखीचा होता. एकच बूश तीनदा मापला आणि तीन मापं आली की ती स्वतः असाच चेहरा करायची.

बाईंनी एक गोष्ट विचारली नाही, आणि सुमतीनेही सांगितली नाही. लपवायची म्हणून नाही, सांगण्यासारखी वाटलीच नाही म्हणून. कारखान्यात थायरॉइडवाल्या पाच बायका होत्या. दुपारी डबे उघडले की भावनाची आमटी इकडे यायची, सुमतीची कुळथाची पिठी तिकडे जायची, स्टेलाचं सुकटीचं कालवण सगळीकडे फिरायचं. तशाच गोळ्याही फिरायच्या. "माझी बाटली संपली गं, आज दुकानात जायला व्हायचं नाही." "मग ही घे की. आपलं दुखणं एकच." चार दिवसांच्या, आठ दिवसांच्या, ज्याच्याकडे असतील त्याने द्यायच्या. आता आमटी वाटून खाल्ली हे कोणी डॉक्टरला सांगतं का?

सुमती त्या गोळ्या आपल्या डबीत टाकायची. डबी कुंकवाची, माहेरून आलेली, झाकणावर मोर. नवरा गेल्यापासून सहा वर्षं रिकामी पडली होती. फेकवत नव्हती, म्हणून गोळ्यांना घेतली. डॉक्टरीणबाईंनी ताकद बदलली की आधीच्या उरलेल्याही त्याच डबीत, आणि रोज सकाळची गोळी त्यातूनच. धडधाकट गोळ्या टाकून कशा द्यायच्या?

श्रावणाच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या पंपवाल्या गिऱ्हाइकाकडून एक खोकं आलं. चारशे बूश परत. निम्मे बसतात, निम्मे बसत नाहीत. खोक्यावर तपासणीचा हिरवा टॅग, टॅगवर सही सुमतीची.

मालक चांगला माणूस, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सुमतीबाई, तुमची तब्येत बरी नसते हल्ली. दसऱ्यापर्यंत बसा. दसऱ्याला त्या टेबलावर प्रियांकाला बसवू, डिप्लोमा केलाय तिने. तुम्ही पॅकिंगला स्टेलाबरोबर. पगार तोच."

पगार तोच, हेच जास्त लागलं. स्टेला आपल्या बाकावरची पुठ्ठ्यांची चळत उगाच सरळ करत राहिली.

ते चारशे बूश सुमतीने स्वतः मागून घेतले. दोन दिवस एकेक मापला. शेवटी उलगडा झाला. जुन्या ऑर्डरचे उरलेले बूश कोणीतरी नव्या ट्रेमध्ये ओतले होते. दिसायला जुळे भाऊ, मापात केसाचा फरक. असा मिसळलेला माल पकडायचा, हेच तर तिचं काम. तिच्या हातून सुटला, कारण त्या दुपारी डोळे मिटत होते. कारणाची चिठ्ठी लिहायची असते. तिने सावकाश, एकेक अक्षर कोरत लिहिलं: जुना उरलेला माल नवीन मालात ओतला गेला. तपासणीत सुटला. चूक माझी.

मग सवयीने बोट ठेवून वाचायला लागली. ‘ओतला’पाशी बोट थांबलं.

पर्समधून तिने डबी काढली. टेबलावर पांढरा कागद पसरून डबी उपडी केली. एकेचाळीस गोळ्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्या गोल. बावीस वर्षं दुसऱ्यांचा माल तपासणाऱ्या बाईने आपल्या तोंडात जाणारा माल एकदाही तपासला नव्हता. भिंग घेतलं. मायक्रोमीटर अगदी अलगद लावला, गोळी फुटू नये म्हणून. ही जाड. ही पातळ. हिच्यावर बारीक पंचवीस कोरलेलं. हिच्यावर शंभर. हिच्यावर काहीच नाही, ही दुसऱ्याच कंपनीची. कागदावर चार ढीग झाले.

"आई गं!" सुमती म्हणाली, आणि त्या घोगऱ्या आवाजात एकदम हसायलाच लागली.

स्टेला धावत आली. "काय झालं गो? चक्कर आली?"

"स्टेला, मी दीड वर्ष मिसळलेला लॉट खातेय."

स्टेलाने ढीग बघितले. शंभरचा ढीग तिने ओळखला आणि छातीवर क्रूस केला. "ह्या माझ्या! म्हणजे मी तुला मारत होते काय?"

"मारत नव्हतीस, पळवत होतीस. आणि ती भावना पंचवीसच्या देऊन झोपवत होती."

त्याच संध्याकाळी ती कल्याणला उतरून दवाखान्यात गेली. चार पुड्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात ताकद आणि नग, बिनखुणेच्या पुडीवर नुसता नग. डॉक्टरीणबाईंनी एकेक पुडी उघडली.

"हे शोधलं कोणी?"

"मी. मापून."

बाईंनी हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरला आत बोलावलं. "बघा. आपण दीड वर्ष गोळी बदलत बसलो. ह्यांनी डबी तपासली." मग सुमतीकडे वळल्या. "चूक माझीपण आहे. बाटली घेऊन या, असं पहिल्या दिवशीच म्हणायला हवं होतं. आता वजनाप्रमाणे पंच्याहत्तर. एकच कंपनी, एकच ताकद, बंद बाटलीतून. कोणाची घ्यायची नाही, कोणाला द्यायची नाही. आठ आठवड्यांनी रक्त."

"मध्ये नको तपासायला?"

"नको. अंगाला निवायला वेळ द्या."

हे सुमतीला पटलं. मशीनवरून उतरलेला तापलेला बूश लगेच मापायचा नसतो, निवेपर्यंत माप खोटं येतं. तिने बोटांवर मोजलं. आठ आठवडे म्हणजे दसऱ्याच्या चार दिवस आधी.

दुसऱ्या दिवशी डबे उघडायच्या आधी तिने पाच टॅग टाकले. "आपापल्या बाटल्या काढा. नाव लिहा, ताकद लिहा, बांधा. गोळ्यांची देवाणघेवाण आजपासून बंद. आणि सगळ्यांनी डॉक्टरला खरं काय ते सांगून यायचं."

"आता आमटीलापण टॅग लावशील," भावना फुरंगटली.

"आमटी आण तू. मीठ तेवढं मापून घाल."

पहिले तीन आठवडे काही नाही. चौथ्यात चेहऱ्याची सूज उतरल्यासारखी वाटली, पण वाटण्यावर सुमतीचा विश्वास नव्हता. दगडूमामा तिने पास केलेल्या प्रत्येक ट्रेमधले वीस बूश गुपचूप काढून पुन्हा मापायचे. त्यांना वाटायचं, हिला कळत नाही. एक दिवस ती मान वर न करता म्हणाली, "मामा, वीस काढता तर पंचवीस काढा. आणि ट्रे परत ठेवताना तोंड माझ्याकडे असू दे. तुम्ही उलटा ठेवता."

मामा कानाच्या पाळीपर्यंत लाल झाले. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पंचवीस काढले, तिच्या समोर.

पाचव्या आठवड्यात स्टेला एकदम ओरडली, "अगो, स्वेटर कुठाय तुझा?" सुमतीने अंगाकडे बघितलं. स्वेटर नव्हता. कधी काढला, तिलाच आठवेना. खुर्चीमागे पडला होता. स्टेलाने तो खिळ्याला टांगला आणि त्यावर रिजेक्टचा लाल टॅग लावला.

आठ आठवडे भरले. संचिताने रिपोर्ट मोबाईलवर बघितला आणि डोंबिवलीहून फोन केला. "आई, दोन पॉइंट चार!"

"नीट वाच. चोवीस नसेल ना?"

"दोन. पॉइंट. चार. आणि तुझा आवाज तुझाच येतोय गं आता." मग लेकच फोनवर नाक ओढायला लागली.

सुमतीने रिपोर्टचा कागद आणवला, कारखान्यात नेला, त्याला हिरवा टॅग बांधला आणि मालकाच्या पुढ्यात ठेवला. मागोमाग दगडूमामांनी आपली वही ठेवली. आठ आठवडे, आधी ट्रेमागे वीस, मग पंचवीस. चुकीचा बूश, शून्य.

मालकाने वही शेवटपर्यंत चाळली. "मग प्रियांकाला बसवू कुठे? तिला शब्द दिलाय मी."

"माझ्या बाजूला बसवा की. खिडकी दोघींना पुरेल."

दसऱ्याला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. मशीनला झेंडूच्या माळा, हत्यारांना हळदकुंकू. नवरा गेल्यापासून सुमती कुंकवाला हात लावायची नाही, आणि दुसऱ्या कोणाला आपल्या टेबलाला हात लावू द्यायची नाही. म्हणून सहा वर्षं तिच्या मायक्रोमीटरला कुंकू स्टेलाने लावलं. पुढे चर्चमध्ये फादरला सांगितलं की नाही, ते तिचं तिला ठाऊक.

या वर्षीही स्टेला हात धुऊन पुढे आली. सुमतीने पर्समधून डबी काढली. घासूनपुसून लख्ख केलेली, झाकणावरचा मोर चमकत होता. उघडली तर आत काठोकाठ कुंकू.

भावनाने भुवई वर केली. स्टेलाने तिला कोपराने ढोसलं. "लाव गो सुमती. टेबल तुझं, माल तुझा."

सुमतीने मायक्रोमीटरला बोट लावलं, भिंगाला लावलं, टेबलाच्या कडेला लावलं. बोटाला लाली तशीच होती, तेवढ्यात प्रियांकाने ट्रेमधला एक बूश सहज तिच्या हातात दिला. सुमतीने तो चिमटीत धरला. डोळे मिटले, पण ह्या वेळी झोपेने नाही.

"हा जाड लागतोय," ती म्हणाली.

प्रियांकाने मापला. जाडच होता.