भाऊजींचा बैल

आमच्या भाऊजींइतका वाईट बैल उभ्या दिग्रसमध्ये कोणी काढत नसे, आणि नेमके तेच चित्रकला कशी शिकवावी हे शिकवणारे प्रोफेसर झाले. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास ते इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मी चौथी शिकलेली. मला चित्रातलं कळत नाही, पण बैल कळतो.

मेहनतीत कसूर नव्हती. दिसेल त्या वस्तूसमोर एक डोळा मिटून, हात ताठ करून पेन्सिलीवर माप घ्यायचे. नेरला मुलगी पाहायला गेले तर तिचंही घेतलं. तिच्या बापानं आलेला चहा परत आत पाठवला. कापसाच्या बाजारात गाड्या अडवून बैलांभोवती फिरत. "मास्तर, बैल घ्याचा हाय का?" गाडीवान विचारी. "नाही, पाह्याचा हाय." "मंग पाहा, पण मांगच्या गाड्याइले जाऊ द्या." इतकं पाहून घरी कागदावर जे उतरे, त्याला मी स्पष्ट सांगे, "भाऊजी, हे तं डुक्कर होय." ते रागवत नसत. "कान चुकले का, वहिनी?" एवढंच विचारत.

वर्गाची खिडकी आमच्या मागच्या अंगणात उघडे, म्हणून वाळवण घालताना मला सगळं दिसे. भाऊजी फळ्यावर बैल काढत आणि पोरं हसून लोटपोट होत. "गुरुजी, वशिंड पाठीच्या मधात नसते." "मग कुठं असते? ये, दाखव." एक पोरगं खडू घेई, त्याचं चुकलं म्हणून दुसरं उठे, आणि तास संपेपर्यंत फळ्यावर जागा उरत नसे.

मग नागपूरला विद्यापीठात जागा निघाली. दोन साहेब त्यांचा तास पाहायला येणार होते. सकाळी भाऊजी भरल्या ताटावरून उठले.

"वहिनी, फळ्यावर काढा म्हटलं तं मी गेलो."

"बैल नका काढू. झाड काढा."

"झाड त्याहून वाईट येते."

साहेबांनी काढायला सांगितलंच. फळ्यावर डुक्कर आलं. साहेबांचे चेहरे पडले. तेवढ्यात मागून एक पोरगी म्हणाली, "गुरुजी, हा बैल उठन कसा? मांगच्या पायाले गुडघेच नाहीत." झालं, सगळा वर्ग फळ्याशी. शेवटी दोघांतले जाडे साहेब स्वतः शेपूट सुधारायला उठले, तर पोरांनी त्यांचीही चूक काढली. जाताना ते म्हणाले, मुद्दाम चुकीचं काढून शिकवण्याची ही पद्धत फार हुशारीची आहे. भाऊजी मान डोलवत फळा पुसू लागले. मी खिडकीबाहेर वाळवण उलटत राहिले. जागा त्यांना मिळाली.

काही वर्षांनी रजा काढून आले तेव्हा अंगात कोट होता. मी विचारलं, कसं चाललंय.

"बैल काढतो, वहिनी. तिथं कोणी हसत नाही. उद्याचे मास्तर सारे. जसाच्या तसा वहीत उतरवून घेतात."

"मग सांगा ना, चुकला म्हणून."

"सांगितलं. तेही लिहून घेतलं."

मी हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताट वाढलं तरी येईनात. पाहायला गेले, तर कोट हातावर टाकून शाळेच्या फाटकाबाहेर उभे. आत पोरं कशाला तरी मोठ्यानं हसत होती. मी हाक मारली नाही. वरण काय, पुन्हा गरम करता येतं.