आबांना पायऱ्यांपाशी सांगितलेलं खोटं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही.

आमचे आजोबा, म्हणजे आबा, हौसेनं सगळ्या घराला कोरेगावहून महाबळेश्वरला घेऊन आलेत. सकाळी एका पॉइंटच्या खाली उतरणाऱ्या पायऱ्या बघून मला त्यांच्या गुडघ्यांची धास्ती वाटली. मी म्हणाले, "तुम्ही गाडीतच बसा आबा. खाली बघण्यासारखं काही नाही."

जेवताना चुलत बहिणीनं मोबाईलवर खाली जाऊन काढलेला दरीचा व्हिडिओ लावला. आबा बघतच राहिले.

"आगं, तू तर काय न्हाई म्हणालीस!"

आत्या हसली, "आवं आबा, लय काळजी हाय तिला तुमची!"

मी गुडघ्यांचं सरळ बोलले असते, तर जायचं की नाही हे आबांनीच ठरवलं असतं.

आता ते परत पॉइंटवर जायचं म्हणून बूट घालून खोलीबाहेर बसलेत. तुम्ही आधी माफी मागितली असती, की गाडीची किल्ली उचलली असती?