११७ क्रमांकाचा चेहरा

झोया मणेर पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत माणसांचे चेहरे मोजते. वय तेहतीस. पीएचडी होऊन तीन वर्षं झाली. आता दोन वर्षांच्या करारावर पोस्टडॉक आहे. दहिवडीच्या बाजारात बांगड्या विकणाऱ्या तिच्या आईला, सुगराबीला, हे गिऱ्हाइकांना समजावून सांगणं जड जातं. "अजून शिकतीया व्हय गं पोरगी?" असं बायका विचारतात, आणि सुगराबी "व्हय, अजून हाय थोडं" असं म्हणून पुढचा हात हातात घेते.

झोयाचं काम थोडक्यात असं. चार कॅमेरे असलेलं यंत्र माणसासमोर ठेवायचं. दोन सेकंदांत चेहऱ्यावरचे तीस हजार बिंदू टिपले जातात, आणि त्यांची जाळी संगणकावर चेहऱ्याच्या आकारात उभी राहते. फोटोसारखी सपाट नाही, नाकाची उंची आणि गालाची खोली असलेली. तोंडाच्या कॅन्सरमध्ये किंवा अपघातात ज्यांचा जबडा जातो, त्यांचा चेहरा पुन्हा बांधताना सर्जनला इकडच्या माणसांची मापं हाताशी असावीत, हा प्रकल्पाचा हेतू. आजवर वापरात असलेली मापं बहुतेक परदेशी चेहऱ्यांची आहेत.

त्यासाठी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या अकरा गावांत शिबिरं झाली. सहाशे चाळीस माणसं बसली. त्यांतल्या नव्वद जणांना चौदा महिन्यांनी, गेल्या मार्चमध्ये, पुन्हा बसवलं. प्रौढ माणसाचा चेहरा चौदा महिन्यांत फारसा बदलत नाही, म्हणून दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्यावर जो फरक दिसेल तो यंत्राचा दोष समजायचा, असं गणित होतं. कुठेही दोन मिलिमीटरहून जास्त फरक आला की ती जोडी संगणक आपोआप बाजूला काढी. हा नियम झोयानेच लिहिला होता.

सात जोड्या बाजूला निघाल्या. झोयाने एकेक उघडून प्रत्येकीपुढे कारण लिहिलं. फलटणकडच्या एका आजोबांनी पहिल्या खेपेस कवळी घातली होती; ती ते फक्त लग्नाला आणि फोटोला घालत. दुसऱ्या खेपेस घरी विसरले. दोन बायकांच्या गालात मिश्री होती. थुंकून या म्हणायला झोया लाजली होती आणि थुंकायला त्या. वाईजवळचा एक माजी सुभेदार "सरळ बघा" म्हटल्याबरोबर सावधानमध्ये गेला आणि हनुवटी गळ्यात रुतवून बसला. एक मुलगी हसली. एकीचा पदर कपाळावर आला होता. सातवी जोडी ११७ क्रमांकाची, स्त्री, वय सेहेचाळीस. हनुवटी तीन मिलिमीटरनं सरकलेली. झोयाने लिहिलं, 'तोंड उघडं राहिलं.' तो एप्रिलचा दुसरा आठवडा होता. त्या दिवशी तिने आणखीही बरंच काम उरकलं.

ऑगस्टअखेर, गौरीच्या आधी, ती दोन दिवस दहिवडीला आली. बांगड्या भरण्याचे ते घाईचे दिवस. दुकानाच्या फळीवर ती आईला हिरव्या बांगड्यांचे जोड लावून देत होती.

"राहीबाई आलती काल," सुगराबी म्हणाली. "ती शेरडंवाली. नवरा मुंबईला माथाडीत हाय बघ, लालासाहेब."

"हां. काय म्हणते?" झोयाने ते नाव आईच्या तोंडून फक्त ऐकलं होतं.

"म्हणायचं काय? चार वर्सामागं दोन-चारच्या मापाची बांगडी जायची तिला. काल दोन-आठची घातली, ती बी साबण लावून. दोन बांगड्या फुटल्या."

"सुटली असेल अम्मी."

"तिचा नवरा बी तेच म्हणतो. सहा महिन्यांनी येतो, म्हणतो सुटलीस. ती म्हणती, मग तुमी हितं राहून बारीक करा मला." सुगराबी हसली, मग थांबली. "पर सुटलेली न्हाई ती. चाळीस वर्सं हात दाबतीया मी. चरबी दबती, हाड दबत न्हाई. तिचं हाड वाढलंय. जोडवी सोनाराकडनं कापून घेतली तिनं. ह्या वयात हाड कशानं वाढतंय, सांग की तू. एवढी शिकलीस."

झोयाने गाव विचारलं. सुगराबीने सांगितलं. त्या गावात झोयाचं शिबिर झालं होतं.

सोमवारी पुण्यात तिने ११७ पुन्हा उघडलं. यादीत नावं नसतात. क्रमांक, वय, लिंग आणि गावाची खूण एवढंच असतं. नावांची वही सांगलीच्या केंद्रावर पल्लवी नावाच्या समन्वयक बाईंकडे कुलपात असते. पण त्या गावातून दुसऱ्यांदा बसलेली त्या वयाची एकच बाई होती. झोयाने दोन्ही जाळ्या एकमेकींवर ठेवल्या आणि या वेळी पूर्ण चेहरा पाहिला. जिथे आकार पुढे आला तिथे पडद्यावर लाल दिसतं. हनुवटी लाल होती, नाकपुड्या लाल होत्या, आणि भुवयांवरचं हाडही. तोंड उघडं राहिलं तर हनुवटी खाली जाते. भुवईचं हाड पुढे येत नाही. एप्रिलमध्ये तिने चेहऱ्याचा खालचा अर्धा भाग पाहिला होता, आणि कारण सापडल्यावर वर पाहिलं नव्हतं.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यात गाठ झाली तर वाढीचं संप्रेरक मोठ्या वयातही जास्त स्रवतं, आणि हात, पाय, जबडा सावकाश वाढू लागतात. इतक्या सावकाश, की रोज बघणाऱ्याला कळत नाही. गाठ मोठी झाली की दृष्टीच्या शिरांवर दाब येतो आणि नजरेच्या कडा जातात. झोयाने हे त्या दुपारी वाचलं. ती डॉक्टर नाही. तिने प्रकल्पप्रमुखांना सांगितलं आणि पल्लवीबाईंना फोन केला.

"नाव मी देऊ शकत नाही, झोया," पल्लवी म्हणाली. "संस्थेच्या नैतिकता समितीचं पत्र आण, त्याच दिवशी वही उघडते."

"किती दिवस लागतील?"

"आठ-दहा. सुट्ट्या आहेत."

नियम चुकीचा नव्हता. लोकांनी चेहरे दिले होते ते नाव बाहेर येणार नाही या बोलीवर. त्या बोलीखाली झोयाचीच सही होती. संध्याकाळी तिने आईला फोन केला. राहीबाईंना डोळ्यांनी नीट दिसतं का, एवढंच विचारलं. सुगराबीने उलट विचारलं.

"तुझ्या मशीनमधी काय दिसलंय का?"

"मला सांगता येत नाही अम्मी."

"बरं. नगं सांगूस. माझ्याकडं कुठलं रजिस्टर हाय? मी तुझ्या मशीनचं नाव बी काढायची न्हाई. मी हाताचं बोलीन."

दुसऱ्या दिवशी दुकान नवऱ्यावर, जाफरवर, सोडून सुगराबी सकाळच्या एसटीने राहीबाईच्या गावी गेली. राहीबाई वर्षभर डोकेदुखीच्या गोळ्या खात होती. पंधरा दिवसांपूर्वी डावीकडून आलेली शेळी दिसली नाही म्हणून ती पडली होती. "आवं चाची, बांगडी बसंना म्हणून कुणी दवाखान्यात जातंय का?" असं तिने विचारलं. "तू चल तर," सुगराबी म्हणाली, "बसली तर फुकट भरीन." दहिवडीच्या डॉक्टरांनी हात आणि डोळे पाहून तिला सांगलीला धाडलं. चौथ्या दिवशी सांगलीत रक्त तपासलं, सहाव्या दिवशी डोक्याचा एमआरआय झाला. समितीचं पत्र नवव्या दिवशी आलं. तोवर गाठ सापडली होती.

ऑक्टोबरमध्ये पुण्याला नाकावाटे शस्त्रक्रिया झाली. गाठ बहुतेक निघाली. उजव्या डोळ्याची नजर परत आली. डाव्या डोळ्याची बाहेरची कड आली नाही, आणि येईल असं आता कुणी म्हणत नाही. एप्रिलमध्ये कळलं असतं तर ती कड वाचली असती का, हे झोयाने सर्जनना विचारलं. ते म्हणाले, एप्रिलमध्ये किती दिसत होतं हे कुणी मोजलं नव्हतं, त्यामुळे सांगता येणार नाही. या उत्तराने तिची सुटका झाली नाही, आणि तिने ती करून घ्यायचा प्रयत्नही केला नाही. नियम तिने बदलला आहे. बाजूला निघालेल्या जोडीला आता दोन माणसं एकमेकांना न विचारता कारण लिहितात, आणि पूर्ण चेहरा पाहिल्याशिवाय कारणाचा रकाना उघडतच नाही. शोधनिबंधात तिने ११७ची हकीकत क्रमांकानिशी घातली. त्याआधी समितीची आणि राहीबाईची संमती घेतली.

ती संमती घ्यायला जानेवारीत झोया गावी गेली. राहीबाई अंगणात बसून शेरडांना शेवरीचा पाला टाकत होती. नाक अजून रुंदच आहे. वाढलेलं हाड मागे जात नाही. हाताची सूज उतरली, पण बांगडी दोन-सहाच्या खाली आली नाही. झोया तिच्या शेजारी टेकली आणि सगळं सांगितलं. मार्चची तपासणी, एप्रिलची यादी, आणि ११७पुढे लिहिलेलं कारण.

"म्हंजी तुला तवाच दिसलं हुतं?"

"दिसलं होतं, मावशी. मी नीट बघितलं नाही."

"तोंड उघडं राहिलं म्हणून लिवलंस?"

"हो."

"मी तोंड मिटूनच बसलेली. तूच सांगितलंवतंस, मिटून बसा म्हणून."

राहीबाईने उरलेला पाला टाकला, हात झटकले. कागद कुठे आहे विचारलं, आणि दाखवलेल्या जागी अंगठा न लावता सावकाश सही केली. मग मान पूर्ण डावीकडे वळवून तिने झोयाकडे पाहिलं.

"त्या अंगाला बसू नगंस," ती म्हणाली. "तिकडचं मला दिसत न्हाई. हिकडं ये."

झोया उठली आणि उजव्या बाजूला जाऊन बसली.